दिसेल तितकाच वेग

गावातला माणूस रानातून जातो तेव्हा त्याचा आवाज त्याच्या पुढे चालतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजू गोळा करायला निघालेल्या बायका वाटभर बोलत असतात, कोयता कुठेतरी आपटतो, कुणी खाकरतं, मागे राहिलेल्याला कुणी कुकारा घालतं. रानातल्या जनावरांना या आवाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. माणूस येतोय, वाटेवरूनच येतोय, एवढं त्यांना पुरतं आणि ती बाजूला होतात. ट्रेलवर, म्हणजे रानातल्या पायवाटेवर, धावणारा यातलं काहीच करत नाही. तो एकटा असतो, गप्प असतो, मऊ तळव्याचे बूट घालून चालणाऱ्याच्या दुप्पट वेगाने वळणावर येतो, आणि तेही बहुतेक वेळा पहाटे किंवा दिवेलागणीला. जनावराच्या लेखी ही लक्षणं शिकाऱ्याची. गोव्याच्या रानात सराव करायचा असेल तर ही गोष्ट आधी मनाशी नीट लावून घ्यावी. बूट आणि घड्याळ त्यानंतर.

इथले बरेच जण डिसेंबरातली शर्यत डोळ्यांसमोर ठेवतात. सिंहगड, राजगड, तोरणा जोडणारी पुण्याजवळची शर्यत त्याच महिन्यातली. तिच्यासाठी गोव्यातून तयारी करायची तर खरे महिने ऑगस्ट ते नोव्हेंबर, म्हणजे अर्धा सराव पावसात आणि उरलेला ऑक्टोबरच्या उकाड्यात. पावसाने वाढलेली झाडोरी डिसेंबरपर्यंत वाटेवर झुकलेली असते. करवंदीच्या जाळीतून, बांबूच्या बेटातून जाणाऱ्या पायवाटेवर वळणापलीकडे पाच-सहा मीटरसुद्धा दिसत नाही. सगळा प्रश्न इथे सुरू होतो, आणि तो चक्क गणिताचा आहे.

ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २.८ मीटर. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसून पायांपर्यंत पोचायला सेकंद जातो, म्हणजे जवळजवळ तीन मीटर गेले. सपाट कोरड्या वाटेवर पूर्ण थांबायला आणखी तीन-चार मीटर लागतात. उतारावर, जांभ्याच्या सुट्या खड्यांवर तोच हिशेब दहा-बारा मीटरवर जातो, कारण खडे फरशीवर सांडलेल्या चण्यांसारखे बुटाखालून पळतात. पाच मीटर दिसत असताना दहा मीटरांत थांबणारा माणूस गव्याच्या अंगावर जाऊनच थांबणार. म्हणून नियम असा धरावा: जेवढी वाट दिसते तिच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. उरलेलं निम्मं जनावराचं. मोकळ्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हव्या त्या वेगाने धावा. आंधळ्या वळणाच्या दहा पावलं आधी चालीवर या, मोठ्याने दोन शब्द बोला, वळण ओलांडून पुढची वाट दिसली की पुन्हा धावा.

यात सरावाचं नुकसान होत नाही. पन्नास किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत चढ चालूनच काढावे लागतात, आणि धावण्यावरून चालण्यावर, चालण्यावरून धावण्यावर येण्याची सवय नसली की तिसाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे येतात. आंधळी वळणं ही सवय फुकटात लावतात. उतारावर लहान पावलं टाकून, मिनिटाला १७० ते १८० पावलांच्या आसपास राहून वेग आवरायला शिकलं की मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण कमी येतो आणि थांबण्याचं अंतरही कमी होतं.

आवाजाचं मात्र नुसतं बोलून भागत नाही. पावसाळ्यात व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने वाट जाते तिथे पाण्याच्या घोषात तुमची हाक दहा मीटरवरही पोचत नाही. वारा समोरून तुमच्या तोंडावर येत असेल तर पुढच्या जनावराला तुमचा वासही लागत नाही. पाण्याचा आवाज, समोरचा वारा आणि आंधळं वळण ही तिन्ही एकत्र आली की तिथे धावायचंच नाही. चालायचं, टाळ्या वाजवायच्या, थांबून ऐकायचं. कानात इअरफोन घालून रानात धावणं हा शुद्ध अविचार आहे. शेकरूचा खडखडाट, भेकराचं भुंकणं, वानराचं खाकरणं ही पुढच्या शंभर-दोनशे मीटरची बातमी असते, आणि ती ऐकायला आपला कान रिकामा हवा. भेकर एकदा भुंकून पळालं तर ते बहुधा तुमच्यामुळेच. ते एकाच जागी उभं राहून पुन्हा पुन्हा भुंकत असेल आणि वानरंही खाली बघून ओरडत असतील, तर तिथे बिबट्या असण्याचा संभव धरावा आणि मागे फिरावं.

आता गवा. हा गोव्याचा राज्यप्राणी. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव इथल्या रानांत आणि आता त्यांच्या कडेच्या काजू-सुपारीच्या बागायतींतही तो सर्रास असतो. मोठा नर ६०० ते १००० किलोपर्यंत भरतो. धावणाऱ्याची गाठ सगळ्यात जास्त पडते ती याच्याशीच, आणि गैरसमजही याच्याबद्दलच जास्त आहेत. गवा शांत दिसतो. मान वर करून, कान पुढे घेऊन एकटक बघत उभा राहतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की याला आपली फिकीर नाही. तो तेव्हा अंदाज घेत असतो. नाकातून जोरात फुस्स असा आवाज आला, त्याने अंग आडवं करून आपली सगळी उंची दाखवली, की ती सूचना समजावी. मान खाली जाऊन डोकं हलू लागलं, खुराने माती उकरू लागला, तर सूचनेची वेळ संपली.

गवा दिसला की पहिलं काम थांबणं. या क्षणी टाळ्या नकोत, ओरडणं नको. आवाज दिसण्याआधी करायचा असतो. नजर त्याच्यावर ठेवून, आलेल्या वाटेनेच सावकाश मागे सरकायचं, मध्ये निदान पन्नास मीटर अंतर आणि एखादा जाड बुंधा आला की उभं राहायचं. दहा-पंधरा मिनिटं. घड्याळ बंद करा, पाणी प्या. पहिला गवा वाट ओलांडून गेला म्हणजे कळप गेला असं होत नाही. माद्या आणि वासरं मागून येतात, आणि मध्ये शिरलेल्या माणसावर वासराची आई धावून येते. घाईने पुन्हा धावू लागणारे नेमके कळपाच्या दोन तुकड्यांमध्ये सापडतात. एकटा म्हातारा नर त्याहून अवघड. तो वाटेतच बसून रवंथ करत असेल तर त्याला उठवायला जाऊ नये, त्या दिवशीचा मार्ग बदलावा. तो अंगावर आलाच तर सरळ रेषेत पळून कुणी त्याच्यापुढे टिकत नाही. जाड झाड किंवा मोठा खडक मध्ये घालणं एवढंच हाती असतं.

भेट टाळायची खरी जागा वेळापत्रकात आहे. गवा पहाटे आणि संध्याकाळी उघड्यावर चरतो, उन्हं चढली की सावलीत शिरतो. डिसेंबरअखेर गोव्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जूनमध्ये सहाच्या. उजाडल्यावर अर्धा-पाऊण तास रानात शिरू नये. तोवरचे पाच-सहा किलोमीटर गावच्या डांबरी रस्त्यावर काढावेत. अंगही गरम होतं. संध्याकाळी पाचच्या आत रानाबाहेर. शर्यतीत रात्रीचा टप्पा असेल तर हेडलॅम्पचा सराव डांबरी रस्त्यावर, सोबतीने करावा. धुक्यात कपाळावरचा दिवा डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी करतो, तेव्हा तो कमरेला बांधावा म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा दिसतो.

वाटेवर शेण दिसलं तर बघून घ्यावं. काळपट हिरवं, वरून चकाकणारं, माश्या नुकत्या बसू लागलेलं शेण म्हणजे कळप जवळच आहे. वर साय धरून भेगा पडलेलं शेण जुनं. चिखलातल्या खुराच्या कडा धारदार असतील आणि आत पाणी अजून पाझरत असेल, तर तो ठसा काही मिनिटांपूर्वीचा असू शकतो.

अस्वल दिसतं कमी, पण त्याची गाठ गव्याहून वाईट पडते, कारण ते आपल्याच कामात बुडालेलं असतं. गोव्यात सातेरी देवीची पूजा रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या रूपात होते; रानातली रोयण मात्र अस्वलाचं ताट आहे. नखांनी ताजी उकरलेली, आतली ओली लाल माती बाहेर पडलेली रोयण दिसली तर पुढे धावू नये, बोलत चालावं. वाळवी ओढताना अस्वलाला आजूबाजूचं फारसं कळत नाही, नजर मुळातच अधू, आणि माणूस एकदम पाच हातांवर आला की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. काजूची बोंडं आणि फणस पिकले की ते बागायतीतही उतरतं. हल्ला झालाच तर पालथं पडावं, हातांची बोटं मानेमागे गुंफावी, पाठीवरची पिशवी पाठीवरच ठेवावी.

बिबट्याच्या बाबतीत नियम उलटे. त्याच्यासमोर लहान दिसायचं नाही. पाठ फिरवायची नाही, वाकायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. हात वर, आवाज मोठा, पावलं मागे. बुटाची नाडी बांधायला रानात उकिडवं बसू नये हेही याच हिशेबात येतं. नाड्या रस्त्यावरच दुहेरी गाठीने बांधाव्यात.

ज्यांच्यापुढे जीव घेऊन पळायचंच, असा शत्रू रानात एकच: आग्या माश्या. कड्याच्या कपारीला किंवा उंच झाडाला त्यांची पोळी लोंबतात. पोळं दिसलं की खाली थांबून फोटो काढू नये, अंगाला सुवासिक तेल-अत्तर लावून तिथून जाऊ नये. एक डंख बसला तर त्याचा वास बाकीच्या माश्यांना बोलावतो, म्हणून हाताने मारत बसण्यात अर्थ नाही. टी-शर्ट तोंडावर ओढा आणि तीन-चारशे मीटर सरळ पळा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघतात. काटे नखाने खरवडून लगेच काढा. घसा सुजला, श्वास अडकू लागला तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

साप दिसतात त्याहून किती तरी जास्त वेळा आपल्याला टाळून जातात, तरी पावसाळ्यात पाय कुठे पडतो हे बघण्याला पर्याय नाही. आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून उडी मारून पलीकडच्या पाचोळ्यात उतरणं ही धावणाऱ्यांची आवडती चूक. ओंडक्यावर पाय ठेवावा, पलीकडे बघावं, मग उतरावं. मलबारी चापडा पावसात कमरेएवढ्या झुडपांवर बसतो, हिरवा, तपकिरी, पिवळा अशा कुठल्याही रंगात. त्यामुळे तोल सावरायला फांदी पकडण्याची सवय मोडावी, हातात काठी ठेवावी. उठलेल्या नाकाचा छोटा चापडा पाचोळ्यात आणि सुपारीच्या कुळागरात असतो. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेलं आहे. या चापड्यांवर आणि नागराजावर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून दंश टाळणं हाच मोठा इलाज. झालाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. घड्याळ, अंगठी, बूट काढा, कारण सूज येणार. पाय काठीला बांधून स्थिर करा. दंशाची वेळ लिहा. तिथून धावत निघू नका, उचलून नेता येईल तितकं बरं. विष हालचालीने लवकर पसरतं. सत्तरीतून वाळपईचं सरकारी रुग्णालय आणि पुढे बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) हा रस्ता निघण्याआधीच सोबत्याला ठाऊक असावा. रानात फोन लागत नाही तिथून सर्वांत जवळचा रस्ता कुठे मिळतो, हेही.

रोज भेटणारी जनावरं याहून साधी आहेत. वाडीवरचे कुत्रे धावणाऱ्यामागे लागतात आणि चालणाऱ्याला सोडतात. वाडी आली की चालावं. चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. जळवा लागल्या तर ओढून तोडू नयेत, नखाने तोंडाकडची बाजू सरकवून काढाव्यात. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरण्यासारखं नसतं. गोचिडींना मात्र हलक्यात घेऊ नये. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली होती. डिसेंबर ते मे हा तिचा हंगाम. या महिन्यांत लांब मोजे, अंगाला कीटकरोधक मलम, पाचोळ्यात बसणं वर्ज्य, घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघणं आणि कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नये, आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवावं. रानातून आल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

पायांखालच्या जांभ्याबद्दल थोडं. कोरडा जांभा बूट घट्ट धरून ठेवतो आणि रबर खरवडून काढतो. तोच जांभा जुलैत शेवाळ चढलं की काचेहून निसरडा. तिथे बुटाच्या तळव्याचे सहा मिलिमीटरचे दातसुद्धा उपयोगाचे नाहीत, पूर्ण तळवा सपाट टेकवत चालण्याखेरीज इलाज नाही. चिखलाच्या वाटांना खोल दात, सड्याला चार मिलिमीटर पुरे. पावसात बूट दिवसभरात वाळत नाहीत, म्हणून दोन जोड आलटून पालटून, आत वर्तमानपत्राचा कागद कोंबून.

ऑक्टोबरात घाम तासाला लिटरभर सहज जातो आणि दमट हवेत तो सुकत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. धावण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे प्यायल्याव्यतिरिक्त आणखी एक लिटर पाणी गेलं. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस ते उन्हाचं समजून आणखी पाणी पितो. लिटरभर कोकम सरबतात पाव चमचा मीठ, सुमारे दीड ग्रॅम, घातलं की जवळजवळ ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. साखर ६० ग्रॅमच्या आत ठेवा, त्यापुढे पोट ढवळतं. भोवळ आलेला माणूस पुढचं गणित करू शकत नाही, वळणावर बोलायचं विसरतो. पाण्याचा संबंध जनावरांशी असा येतो.

चढ-उताराच्या मेहनतीसाठी अभयारण्यात जायची गरजच नाही. पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर सुमारे ३५० मीटरचा. आठवड्यातून एका दिवशी त्याचे चढ-उतार दोन-तीनदा केले तरी मांड्या तयार होतात. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि पावसात धबधब्यांच्या वाटांवर वेगळे निर्बंध असतात. ते पाळावेत. दूधसागरला रुळांवरून जाणं तर बंदच आहे.

मार्च ते मे रान जनावरांसाठी सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हाळ आटतात, पाणी कोंडींत उरतं आणि सगळं रान तिथे येतं. कोंडीपाशी धापा टाकत पोचलेला माणूस कुणाचं तरी दिवसाचं पाणी तोडतो. याच दिवसांत धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून बसलेली असते, नर फळं आणून फटीतून भरवतो. झाडाखाली माणूस उभा असेल तर नर येत नाही. सड्यावर टिटवी उघड्यावरच अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की आल्या वाटेने मागे फिरावं. किनाऱ्यावर धावायचं तर ओहोटीच्या ओल्या वाळूवर, उजेडी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मे सागरी कासवं अंडी घालतात, आणि रात्रीच्या पांढऱ्या दिव्याने पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे वळतात.

वाटेच्या कडेला, कुंपणाच्या भोकात क्लच वायरचा फास दिसला तर जागा लक्षात ठेवून वनखात्याला कळवावं. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीजवळ चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा या रानाचं मोल पुन्हा चर्चेत आलं. वाघाचा किंवा बिबट्याचा ठसा सापडला तर त्याचा फोटो धावण्याच्या नकाशासकट समाजमाध्यमांवर टाकू नये. नकाशावरची ती तांबडी रेघ ज्यांच्या हाती पडू नये त्यांच्याही हाती पडते. घड्याळाचं ॲप खाजगी ठेवता येतं, ते ठेवावं.

सरावाच्या वहीत अंतर, चढ, वजन, पाणी यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: शेण, ठसे, आवाज, आणि किती वाजता. चतुर्थीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं-पानं आणायला गावकरी रानात शिरतात, त्या आठवड्यात जनावरं वाटांपासून लांब सरकतात. काजूच्या दिवसांत ती बागायतीकडे येतात. गुराख्याला विचारलं तर कालचा कळप कुठे होता ते तो सांगतो, तेही लिहावं. दोन-तीन आठवड्यांत एखाद्या पठारावर साडेसातपर्यंत गवे असतात असं दिसू लागलं, तर रविवारची लांब धाव त्या पठारावर सव्वाआठनंतर पोचेल अशी आखावी.